केझायाबाईंच्या गोठ्यातली सरहद्द

अठराशे बाराच्या लढाईबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक मी वर्तमानपत्रांतून वाचलेले आहे, आणि आमच्या गावात वर्तमानपत्र दोन-तीन आठवडे उशिरा येई. त्यामुळे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्याने ठरवावे. एका दिवशी मात्र मी स्वतः तिथे होतो. त्या दिवसातल्याही दोन गोष्टी मला नक्की सांगता येणार नाहीत. त्या आल्या की तसे सांगेन.

आमचे टॅमरॅक गाव व्हरमाँटच्या अगदी उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला चिकटून आहे. सरहद्द म्हणजे काही भिंत नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी मोजणीवाले वाटेतल्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करत जंगलातून गेले. त्यातली बरीच झाडे पुढे कुणी ना कुणी चुलीत घातली. पलीकडे इंग्रजांच्या राजाचे राज्य. पण माणसे आमच्यातलीच, कुणाचा साडू, कुणाचा मेव्हणा, जमीन फुकट मिळते म्हणून तिकडे जाऊन राहिलेली. राजनिष्ठेची शपथ त्यांनी घेतली होती खरी, पण ती जमिनीच्या कागदाबरोबर घ्यावीच लागे.

मी गावचा शाळामास्तर, आणि गावसभेचा चिटणीस. शिवाय त्या जूनपासून मी गावच्या शिबंदीचा, म्हणजे गावकऱ्यांच्याच पलटणीचा, कॅप्टन झालो होतो. शिबंदीने आपला कॅप्टन मते देऊन निवडायचा, ही आमच्याकडची रीत. जूनच्या कवायतीला खानावळवाल्या झेडॉककाकांनी माझे नाव पुकारले, कारण कवायतीचे पुस्तक गावात एकट्या माझ्याकडे होते. सगळे हसले आणि हसता हसता सगळ्यांनी हात वर केले. मी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत ढोल वाजायला लागला होता.

केझाया रॉवेल ही आमच्या गावातली विधवा. सरहद्दीला लागून तिचे शेत, बारा गाई, एक बैलजोडी. नवरा वारल्यावर पाच वर्षे तिने सगळे एकटीने रेटले. मी तिला पुस्तके नेऊन देत असे. ती वाचत असे की नाही हे मी कधी विचारले नाही. त्या मे महिन्यात तिच्या गोठ्यावर वीज पडली आणि तासाभरात गोठ्याची राख झाली. आमच्याकडे गोठा हा राहत्या घरापेक्षा मोठा असतो. खाली गुरे, वर माळ्यावर सहा महिन्यांचे गवत. जुलैत कापलेले गवत ठेवायला गोठा नसेल, तर ते कुजते, आणि ख्रिसमसपर्यंत गुरे उभी राहत नाहीत. तिच्या दिराचे बॉस्टनहून पत्र आले होते: शेत विकून टाक, आमच्याकडे ये, मुलांना सांभाळायला कुणीतरी हवेच आहे. तिने उत्तर माझ्यासमोर लिहिले. "गोठा उभा राहिला तर इथंच राहीन. नाही राहिला तर येते." एवढेच. ते पत्र टपालात मीच टाकले. परत येताना दोनदा वाट चुकलो.

गोठ्याचा सांगाडा तयार करत होता असाहेल ट्वॉम्ब्ली. तो पलीकडचा, म्हणजे राजाचा प्रजाजन, जन्माने कनेटिकटचा. अख्ख्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा सुतार नव्हता. सहा आठवडे त्याने केझायाबाईंच्या अंगणात ओंडके तासले. आमच्याकडे सांगाड्याला खिळा लागत नाही. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. प्रत्येक टोक एकाच खाचेसाठी तासलेले असते, आणि कुठले कुठे जायचे याच्या खुणा ज्याने तासले त्यालाच कळतात. असाहेल नसेल तर अंगणात नुसता लाकडांचा ढीग. हे सगळ्यांना ठाऊक होते. उभारणीचा दिवस ठरला गुरुवार, नऊ जुलै. दोन्हीकडची मिळून साठ माणसे येणार होती. त्याहून कमी माणसांना सांगाड्याच्या चौकटी उचलवत नाहीत.

एक जुलैला वर्तमानपत्र आले.

झेडॉककाकांच्या खानावळीत बाकावर उभे राहून ते वाचून दाखवणे हे माझे काम. काँग्रेसने इंग्लंडविरुद्ध युद्ध जाहीर केले आहे, असे मी वाचले.

"का पण?" झेडॉककाकांनी विचारले.

"इंग्रजांचं आरमार आपली जहाजं भर समुद्रात अडवतं. आपले खलाशी उचलून नेतं आणि स्वतःच्या जहाजांवर राबवतं," मी म्हणालो.

"आपले म्हणजे कुणाचे? या गावातल्या कुणी समुद्र पाहिलाय?"

"मी पाहिलाय," लोहार हायरम म्हणाला. "पोर्टलंडला. होडीत एक पाय ठेवला आणि ओकलो."

"मग तुला कुणी पळवत नाही, बस निवांत. पुढं वाचा, मास्तर."

"आपण फ्रान्सशी व्यापार केलेला त्यांना चालत नाही."

"आणि आपण कॅनडाशी केलेला आपल्या सरकारला चालत नाही. पाच वर्षं झाली, पलीकडं साबणवाल्यांना एक पिंप राख विकायची तर चोरासारखं जावं लागतं. मग वॉशिंग्टनवर पण चालून जायचं का?"

हशा पिकला. मी पुढचा रकाना वाचला: इंग्रज पश्चिमेकडे तिथल्या मूळ टोळ्यांना बंदुका पुरवतात, आणि तिकडच्या पुढाऱ्यांचे म्हणणे असे, की कॅनडा घ्यायला फार काही करावे लागणार नाही, नुसते चालत गेले तरी पुरे.

"चालत तर मी दर रविवारी जातो," हायरम म्हणाला. "माझी सासू तिथंच राहते. कॅनडा घ्यायचाच असेल तर म्हणावं आधी तिला घ्या."

एवढ्यात दारात केझायाबाई येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे बायका दारूच्या खोलीत येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी टोप्या काढल्या आणि कुठे बघावे ते कुणाला सुचेना.

"गुरुवारचं काय?" त्यांनी विचारले.

झेडॉककाका पेले पुसायला लागले.

"मास्तर, कॅप्टन तुम्ही ना? गुरुवारी लढाई आहे का?"

"मला... नाही वाटत."

"नाही वाटत, का नाही?"

मी हातातले वर्तमानपत्र उलटसुलट केले. त्यात गुरुवारचे काही नव्हते. शेवटी झेडॉककाकाच म्हणाले, "ठराव मांडा ना. इथं निम्मं गाव आहेच." आमच्याकडे कुंपण घालायचे असो की पाद्री बदलायचा असो, हात वर केल्याशिवाय काही होत नाही. ठराव असा झाला: टॅमरॅकच्या हद्दीपुरते युद्ध केझायाबाईंचा गोठा उभा राहीपर्यंत तहकूब. विरुद्ध मत एकच पडले, हायरमचे. युद्ध चालू राहिले असते तर त्याच्या सासूला उभारणीच्या जेवणाला येता आले नसते. ठराव मी गावसभेच्या दप्तरात लिहिला. तो कायदेशीर होता की नाही याची मला आजही शंका आहे.

गुरुवारी सकाळी सहालाच पलीकडची माणसे आली. प्रत्येकाच्या खांद्यावर लांब काठी, काठीच्या टोकाला लोखंडी अणी. चौकट जमिनीवर आडवी जुळवायची, मग सगळ्यांनी हाताने खांद्यापर्यंत उचलायची, आणि तिथून पुढे ती अणीदार काठ्यांनी रेटत उभी करायची, ही आमची पद्धत. अशा चार चौकटी, उत्तरेकडून सुरुवात. असाहेल गोठ्याच्या पायाच्या कडेला उभा राहून, सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून, हाका देत होता. पहिली चौकट नऊच्या आत उभी राहिली. दुसरी अर्ध्यावर आली होती, चाळीस माणसे काठ्या लावून तिच्याखाली वाकलेली, तेव्हा रस्त्याने लेफ्टनंट ग्रिंबल आला.

हा लेफ्टनंट कॅरोलिनाचा, म्हणजे फार दक्षिणेचा. बरोबर आठ शिपाई. आमच्या पश्चिमेच्या मोठ्या तळ्याकाठच्या छावणीतून त्याला हुकूम मिळाला होता, की कागदावर नाव असलेला राजाचा माणूस सरहद्दीच्या अलीकडे सापडला तर पकडून आणायचा. त्या कागदावर नाव एकच होते, असाहेल ट्वॉम्ब्लीचे. कुणी कळवले ते कधी कळले नाही. तर जंगलातून बाहेर येताच लेफ्टनंटाला काय दिसले? सरहद्दीच्या तोंडावर साठ माणसे, चाळीस भाले आणि मध्ये उभा राहून आरोळ्या ठोकणारा एक दांडगा माणूस.

"हात वर करा!" तो ओरडला.

"वरच आहेत, साहेब," हायरम काठीखालून म्हणाला.

"हत्यारं खाली टाका!"

"टाकली तर ही तुमच्या टोपीवर येईल."

"कॅप्टन कोण आहे इथं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी स्वयंपाकाच्या चुलीपाशी शेंगांची टोपली धरून उभा होतो. टोपली खाली ठेवून पुढे झालो आणि सलाम केला, डाव्या हाताने.

"कॅप्टन, तुमच्या त्या सुताराला धरा."

"धरतो, साहेब," मी म्हणालो. "पण तो हाक देतोय."

"मग?"

याचे उत्तर मला द्यावे लागले नाही. मध्येच हाक थांबली म्हणून उजवीकडच्यांनी रेटले आणि डावीकडच्यांनी रेटले नाही, आणि चौकट तिरपी झाली. दोन टनांचे लाकूड करकरायला लागले. खाली चाळीस माणसे होती, त्यातली निम्मी तिशीच्या आतली आणि सगळी कुणाची ना कुणाची. "शिपाई, डावीकडं लागा!" असा मोठा आवाज आला. तो आवाज माझा होता, असे हायरम मरेपर्यंत शपथेवर सांगत असे. मला तसे वाटत नाही. माझा आवाज शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंतही जात नाही. नक्की न सांगता येणाऱ्या दोन गोष्टींपैकी ही पहिली. एवढे खरे, की आठही शिपायांनी बंदुका गवतात फेकल्या आणि ते डावीकडे धावले, आणि त्यांच्या मागोमाग, टोपी पडली तिकडे न बघता, लेफ्टनंट ग्रिंबलही.

"हं... रेटा!" असाहेल ओरडला. "लाल केसवाला शिपाई, पाठ वाकवू नको, मोडेल! बिनटोपीचे साहेब, तुम्ही माझ्याकडं नका बघू, वर बघा! अजून एकदा... रेटा!"

चौकट उभी राहिली. पाय खाचांत बसले, खुंट्या ठोकल्या गेल्या. लेफ्टनंटाच्या दोन्ही तळव्यांत कुसळे घुसली होती. तो धापा टाकत त्या चौकटीकडे बघत राहिला, जणू ती त्याने एकट्यानेच उभी केली होती. मग त्याला हुकूम आठवला.

"आता त्याला ताब्यात घ्या, कॅप्टन."

असाहेल दुसऱ्या चौकटीच्या तुळईवर बसला होता. दोन चौकटी अजून जमिनीवर होत्या. केझायाबाई चुलीपाशी हातात पळी घेऊन उभ्या होत्या, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, विनवणीनेही नाही. मला वाटते, बॉस्टनला जाताना पेटीत काय काय भरावे लागेल याचा त्या विचार करत असाव्यात.

"ते करता येणार नाही, साहेब," मी म्हणालो.

"का?"

"तो अमेरिकेत नाही."

"काय?"

"सरहद्द या गोठ्याच्या मधून जाते." मी हात वर केला आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधली जागा दाखवली. "इथून. उत्तरेचा अर्धा राजाचा. तुम्ही आत्ता रेटलीत ती चौकट कॅनडात आहे. सैन्य घेऊन तुम्ही पलीकडे गेला होता, साहेब. हुकूम असेलच म्हणा."

सरहद्द गोठ्याच्या उत्तर भिंतीपासून वीस पावले पलीकडे, ओढ्याकाठच्या भूर्जावर खूण केलेली, तिथे होती. आयुष्यात मी बोललेले हे पहिले धडधडीत खोटे, आणि ते मी साठ साक्षीदारांसमोर बोललो. का बोललो, केझायाबाईंचा गोठा उभा राहावा म्हणून, की त्यांनी मला बोलताना बघावे म्हणून, हे मला नक्की सांगता येत नाही. ही दुसरी गोष्ट.

कुणी हसले नाही. कुणी खोकलेही नाही. झेडॉककाका फक्त म्हणाले, "मास्तर चिटणीस आहेत, साहेब. सगळं दप्तर त्यांच्याकडं असतं."

लेफ्टनंटाने चौकटीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, हळूच दोन पावले दक्षिणेला सरकला. "ठीक आहे. मी इथं उभा राहतो. तो कधीतरी या अंगाला येईलच."

"येईल ना," केझायाबाई म्हणाल्या. "तोवर जेवून घ्या."

असे जेवण मी पुन्हा पाहिले नाही. त्यांनी लांब टेबल आणवले आणि माझ्या रेघेवर बरोबर आडवे ठेवले. दक्षिण टोकाला लेफ्टनंट, उत्तर टोकाला असाहेल, मध्ये आम्ही. डुकराच्या मांसाबरोबर मडक्यात शिजलेला घेवडा, मक्याची भाकरी, मेपलचा गूळ, सफरचंदाची दारू.

"ट्वॉम्ब्ली, घेवडा इकडं पाठव," लेफ्टनंट म्हणाला.

"शत्रूला रसद? मला फाशी होईल, साहेब."

"मग मी जप्त केला असं समज."

मडके हातोहात अमेरिकेत आले. हायरमची सासू असाहेलच्या शेजारी बसली होती. तिने हायरमकडे बोट करून लेफ्टनंटाला विचारले, "पलीकडच्या माणसांना धरून नेताय म्हणे? याला न्या की. हा पण दर रविवारी तिकडं फुकट जेवतो."

दुपारी तिसरी चौकट उभी राहिली. असाहेल दुसरीवर बसून ओरडत होता, लेफ्टनंट तिसरीखाली रेटत होता. त्याला कुणी सांगितले नव्हते. चौथी, अगदी दक्षिणेची, उभी राहिली आणि तिथे घोडे अडले. तिसरी आणि चौथी जोडणारी तुळई खाचेत जाईना. मंगळवारच्या पावसाने लाकूड फुगले होते. हायरमने घण मारला, असाहेल वरून किंचाळला, "मारू नको, गाढवा! फुटेल! पटाशीनं दोन सूत लाकूड तासायला पाहिजे, आणि कुठलं ते मला इथून दिसत नाही!"

चौथी चौकट नुसत्या काठ्यांवर उभी होती. काठ्यांखालचे हात थरथरायला लागले होते. असाहेल खाली उतरला, पटाशी घेऊन माझ्या खोट्या रेघेपाशी आला आणि थांबला. रेघेच्या अलीकडे लेफ्टनंट. मला तेव्हा जे वाटले ते सांगतो: मी रेघ आणखी चार हात दक्षिणेला का दाखवली नाही?

केझायाबाई कमरेला बांधलेल्या स्वयंपाकाच्या फडक्याला हात पुसत मध्ये आल्या. "साहेब, ही पडली तर मी शेत सोडून जाणार. तुम्हाला सांगून ठेवते, नाही तर म्हणाल कुणी सांगितलं नाही."

लेफ्टनंटाने आपले कुसळे घुसलेले तळवे बघितले. मग तो माझ्याकडे वळला.

"कॅप्टन, तो उत्तरेला झाडावर बसलाय तो पक्षी कुठला?"

मी बघितले. "तिथं पक्षी नाही, साहेब."

झेडॉककाकांनी माझ्या पायावर पाय दिला.

"मला तर दिसतोय," लेफ्टनंट म्हणाला. "शिपायांनो, तुम्हाला दिसतोय का?"

"दिसतोय!" आठही शिपाई म्हणाले आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले. मीही राहिलो. आम्ही दहा जण त्या रिकाम्या फांदीकडे बघत असताना मागे पटाशीचा आवाज आला, मग तुळई आत गेल्याचा, मग खुंटीवर पडणारे घाव. लाल केसवाला शिपाई पुटपुटला, "कावळा असावा." आवाज थांबले. आम्ही वळलो तेव्हा असाहेल पुन्हा कॅनडात होता आणि गोठा उभा होता.

निघताना लेफ्टनंटाने माझ्याकडून कागद मागितला. सरहद्द कुठून जाते ते गावसभेच्या चिटणिसाने लिहून द्यावे, म्हणजे त्याला वर कळवता येईल, की आरोपी अमेरिकेच्या भूमीवर आढळला नाही. मी लिहिले. खालची सही माझीच आहे ना, हे दोनदा वाचून बघितले. त्याची एक प्रत केझायाबाईंनी मागून घेतली.

पुढची लढाई तुम्ही पुस्तकात वाचलीच असेल. ऑगस्टमध्ये पश्चिमेकडे आमच्या एका जनरलने लढाई न देताच अख्खा किल्ला इंग्रजांच्या हवाली केला. त्याच सुमाराला समुद्रावर आमच्या एका जहाजाने त्यांचे जहाज फोडले, आणि आमच्या गावात समुद्राबद्दल अचानक सगळ्यांनाच बोलता यायला लागले. नायगाराकाठी शिबंदीवाले नदीपर्यंत गेले आणि म्हणाले, परक्या मुलुखात जायचे आमच्या करारात नाही. त्यावर झेडॉककाका म्हणाले, "त्यांच्यात पण कुणीतरी मास्तर असणार." पुढच्या वर्षी आमच्या लोकांनी कॅनडातले एक राजधानीचे गाव जाळले, त्याच्या पुढच्या वर्षी इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले. सप्टेंबरात तळ्याच्या बाजूने निरभ्र आभाळात सकाळभर गडगडत होते. इंग्रजांची मोठी फौज तिथून माघारी गेली, असे नंतर कळले.

या सगळ्यात तो गोठा उभाच होता, गवताने भरलेला. आमच्या फौजेचे लोक धान्य न्यायला आले, की केझायाबाई गुरे उत्तरेच्या अर्ध्यात बांधून माझा कागद दाखवत. इंग्रजांचे लोक आले, की दक्षिणेच्या अर्ध्यात बांधून तोच कागद दाखवत. दक्षिणेच्या दाराने आत गेलेल्या गाई कधी कधी उत्तरेच्या दाराने बाहेर पडत आणि परत येत नसत, असेही लोक म्हणत. मी विचारले नाही. इंग्रजांच्या त्या फौजेने आमच्याच गावचे मांस खाल्ले असेल का, या विचाराने मात्र माझी बरीच झोप गेली.

पंधरा सालच्या फेब्रुवारीत तह झाल्याचे कळले. तह ख्रिसमसच्या आदल्या दिवशीच झाला होता. त्यानंतर पंधरा दिवसांनी दक्षिणेकडे सगळ्यांत मोठी लढाई झाली, कारण तिथे कुणाला ठाऊकच नव्हते. मी तहाची कलमे वाचून दाखवली. खलाशांबद्दल एक अक्षर नव्हते. लढाईपूर्वी ज्याचे जे होते ते त्याला परत, सरहद्द जिथे होती तिथेच.

"म्हणजे अडीच वर्षांत एवढ्या माणसांना जे जमलं नाही, ते मास्तरांनी एका बोटानं केलं," हायरम म्हणाला, आणि मला काही कळायच्या आत सगळे टेबलावर मुठी आपटत हसत होते.

त्याच आठवड्यात केझायाबाईंचे लग्न झाले. असाहेलशी. गोठ्यातच झाले, दोन्हीकडची माणसे मावतील अशी जागा दुसरी नव्हती. पाद्री मध्ये उभा राहिला, ती दक्षिणेला, तो उत्तरेला. नोंद करायला मी होतो. नोंद खोटी होऊ नये म्हणून जेवणाआधी मी दोघांना बाजूला घेतले.

"मला एक कबूल करायचंय," मी म्हणालो. "सरहद्द इथं नाही."

असाहेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, या गोठ्याचा पाया मी आखला. वीस पावलं मोजून अलीकडं आखला, नंतर भानगड नको म्हणून."

"आणि माझं शेत कुठं संपतं ते मला ठाऊक नसेल?" केझायाबाई म्हणाल्या. "साठ माणसं होती त्या दिवशी. साठही जणांना ठाऊक होतं."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही बोलताय याचंच सगळ्यांना नवल वाटलं होतं," असाहेल म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडे गेला.

केझायाबाई मात्र तिथेच थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एवढं खोटं एवढ्या मोठ्यानं बोलता आलं तुम्हाला, मास्तर. त्याआधी पाच वर्षं पुस्तकं घेऊन येत होता. त्यात एकदा खरं बोलला असता तर?"

मी काहीतरी म्हणालो. बहुधा घेवडा छान झालाय, असे. त्या हसल्या आणि माझ्या ताटात आणखी वाढायला गेल्या. मी दप्तर उघडून लग्नाची नोंद केली: वर, वधू, तारीख, साक्षीदार. ठिकाणाच्या रकान्यात नुसते "गोठा" असे लिहिले आणि शाई वाळेपर्यंत तिथेच बसून राहिलो.